भिंती वाजवून पाहणारे काका

आधी माफी मागतो. एखाद्या माणसाचं चित्र शब्दांत काढायचं तर माणूस नीट कळलेला हवा आणि भाषा हाताशी हवी. मला दोन्हींची खात्री नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि आजवर लिहिलंय काय, तर परीक्षेचे पेपर आणि शिष्यवृत्तीचे अर्ज. पण काकांच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती आम्हा तिघांखेरीज कोणाला माहीत नाही, म्हणून मलाच लिहायला हवं.

तुम्ही त्यांना पाहिलं असतंत तर पहिल्यांदा हेच दिसलं असतं: कुठल्याही घरात शिरले की ते दारातच थांबायचे, बोट वाकवून भिंतीवर दोनदा टकटक करायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. मग निकाल लागायचा. "भरीव." किंवा, कोणी गेल्यासारख्या आवाजात, "पोकळ."

साधारण २०१५ ते २०१८ मी सिंगापुरात शिकत होतो आणि बिशान भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये एक खोली भाड्याने घेऊन राहत होतो; नात्यातले नव्हेत, पण मी त्यांना काका म्हणायचो. नव्या इमारतींचं काम तपासणं ही काकांची नोकरी. जुन्या रेडिओच्या एरियलसारखी लांब होणारी, टोकाला लोखंडी गोळी असलेली एक काठी त्यांच्याकडे होती. ती फरशीवरून फिरवायची आणि ऐकायचं. खाली सिमेंट नीट बसलं नसेल तर फरशी वेगळी वाजते. सांगलीकडच्या गवंड्याचा हा मुलगा डिप्लोमापर्यंत शिकलेला. मला "पंडित" म्हणायचे. थट्टेने की कौतुकाने, हे मी कधी विचारलं नाही.

बेडोकला एका मराठी कुटुंबाने नवा फ्लॅट घेतला, सत्यनारायण घातला. आरती झाली, आणि सगळे प्रसादाकडे वळत असताना काका हॉलच्या कोपऱ्यात उकिडवे बसलेले दिसले.

"अहो, तीर्थ घ्या आधी," काकू दबक्या आवाजात म्हणाल्या.

"घेतो. चार फरश्या पोकळ आहेत यांच्या."

यजमानांच्या हातातला शिऱ्याचा चमचा तिथेच थांबला. परतताना बसमध्ये काकू त्यांच्याशी बोलल्या नाहीत. काका मला म्हणाले, "डोळा फसतो, पंडित. कान फसत नाही. आता मी फसवलं असतं तर चाललं असतं होय?"

आमच्या ब्लॉकखालच्या बाजारातल्या चिनी फळवालीने तर त्यांना कलिंगडांना हात लावायची बंदी केली होती. "अंकल, डोन्ट नॉक लाह!" ती लांबूनच ओरडायची. पुढे तीच इतर गिऱ्हाइकांची कलिंगडं त्यांच्यापुढे धरायला लागली.

तिसऱ्या वर्षी विद्यापीठाने मला सहा महिने फ्रान्सला पाठवलं. एप्रिलमध्ये काका-काकू तिकडे फिरायला आले. पण काकांना पॅरिस बघायचं नव्हतं. "सात-आठशे वर्षं उभ्या राहिलेल्या भिंती दाखव," ते म्हणाले. "आमच्या बिल्डरांच्या भिंती ऐकून कान विटले." भाड्याची गाडी घेऊन आम्ही तिघं खेड्यापाड्यांतून किल्ले आणि चर्च बघत निघालो. दुभाषा मी. माझं फ्रेंच दोन सत्रांचं.

पहिल्याच किल्ल्यावर काका नाराज झाले. सपाट जमीन, बाजूला नदी, आणि राजरस्त्यासारखा सरळ दरवाजापर्यंत जाणारा रस्ता.

"दरवाजा समोरच?" ते म्हणाले. "बुरुजाआड लपवायचा की नाही? शत्रूला काय चहाला बोलावलंय?"

"पाहुणे येत असतील हो," काकू म्हणाल्या.

आत सरदाराचा पलंग होता, आखूड. त्या काळी लोक उशांना टेकून अर्धवट बसूनच झोपत, असं गाइडने सांगितलं. मी भाषांतर केलं. काकूंनी पलंगाकडे बघून हळहळ व्यक्त केली, "अपचन असणार." एवढं होईपर्यंत काका मागच्या जिन्यात गायब झाले होते. तिथून टकटक ऐकू येत होती, आणि दर थोड्या वेळाने, अगदी खुशीत, "भरीव! भरीव!"

चर्चमध्ये जाताना ते बूट बाहेर काढायचे. मी सांगून पाहिलं की इथे तसं नसतं. "देव आहे ना आत? मग झालं," ते म्हणाले. एप्रिलमधली तिकडची दगडी फरशी म्हणजे बर्फाची लादी. आम्ही तिघं मोज्यांवर, एकापाठोपाठ, वेदीच्या मागून प्रदक्षिणा घालायचो. मोठ्या चर्चमध्ये वेदीमागून तशी वाटही असते. काका म्हणायचे, "बघ, यांनाही ठाऊक आहे. विसरलेत फक्त."

चौथ्या दिवशी, शनिवारी, आम्ही एका लहान गावातल्या चर्चमध्ये गेलो. किल्ली सांभाळणारी ऐंशीच्या घरातली एक बाई होती. तिने दार उघडलं आणि आमच्या बुटांकडे बघत राहिली. मग तिने ते तीन जोड उचलून आत आणून ओळीत ठेवले. बाहेर चोरीला जातील असं तिला वाटलं असावं. काका संकोचाने अर्धे झाले.

उजव्या भिंतीला खिडकीखाली जाड गिलावा होता, दाराएवढा, मध्ये किंचित फुगलेला. त्याखाली लाकडी बाक. काकांनी काठी लांब केली, एकदा वाजवली. पुन्हा वाजवली. मग मोज्यांनिशी बाकावर चढून वरपर्यंत वाजवत गेले. या वेळी त्यांनी निकाल दिला नाही. खाली उतरले आणि विचारलं, "या बाकावर कोण बसतं, विचार बाईंना."

बाई म्हणाली, ती आणि तिच्या मैत्रिणी. पाच-सहा जणी. उद्या रविवारची प्रार्थना आहे.

"सांग त्यांना, हा गिलावा भिंतीला सुटलाय. पडणार. बाक आजच हलवा म्हणावं."

आता माझी चूक. गिलाव्याला फ्रेंचमध्ये काय म्हणतात हे मला येत नव्हतं, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगितलं. पण 'पडणे' येत होतं. ते पहिल्या महिन्यातच शिकवतात. खरं म्हणजे मला लाज वाटली. परक्या देशात, त्यांच्या देवळात, मोज्यांवर उभं राहून म्हाताऱ्या बाईला सांगायचं की तुमची भिंत खराब आहे? मी म्हणालो, "हे म्हणतायत, तुमचं चर्च फार सुंदर आहे."

बाई हसली. काकांचा हात हातात घेऊन दाबला.

आम्ही बाहेर पडलो, गाडीत बसलो. काकांनी किल्ली फिरवली आणि पुन्हा बंद केली.

"पंडित, भिंत पडणार म्हटल्यावर बाई हसली कशी?"

काकूंनी मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि सगळं ओळखलं.

काका रागावले नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत म्हणाले, "मी विशीत असताना मिरजेजवळ एका साइटवर होतो. एक भिंत अशीच वाजली. मुकादम म्हणाला, तुला काय कळतं, गप्प बस. बसलो. दुपारी भिंतीच्या सावलीत दोघी मजुरणी भाकरी खायला बसल्या." एवढं सांगून त्यांनी गाडीचं दार उघडलं. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना पुढचं आधीपासून माहीत असावं.

आम्ही परत गेलो. मी जमेल तसं, चुकत-माकत, खरं सांगितलं. बाईचं हसू गेलं. तिच्या आजीच्या लग्नातही ही भिंत इथेच होती, ती म्हणाली. काकांनी बाकाचं एक टोक धरलं. "पंडित, धर." आम्ही दोघांनी बाक दोन हात पुढे ओढला. बाई किंचाळली. काकांनी काकूंच्या गळ्यातली लाल ओढणी मागितली आणि दोन खांबांच्या मध्ये बांधून टाकली, साइटवर फीत बांधतात तशी.

"माझी बांधणीची आहे ती!" काकू म्हणाल्या.

"लालच लागते."

बाईने ओढणी सोडली. नीट चौपदरी घडी घालून काकूंच्या हातात दिली. मग आमचे बूट आमच्यासमोर ठेवले आणि दार उघडून उभी राहिली. गाडीच्या आरशात मला दिसलं की आत ती बाक परत भिंतीखाली ढकलत होती.

सिंगापूरला परतल्यावर मी चौकशी केली. तिथली जुनी चर्च गावाच्या नगरसभेच्या ताब्यात असतात. हे कळल्यावर काकांना हुरूप आला. "म्हणजे ग्रामपंचायत! मग सरपंचाला लिही की." मी तीन पत्रं लिहिली. काकांनी प्रत्येकाला भिंतीचा नकाशा जोडला, पोकळ भाग तिरप्या रेघांनी दाखवून. दर रविवारी, तिकडे प्रार्थना सुरू होण्याची वेळ झाली की ते घड्याळाकडे बघायचे आणि मला विचारायचे, "सरपंचांचं काही?" काही नसायचं. त्या दिवशी मग ते कलिंगडसुद्धा न वाजवता आणायचे.

पुढल्या वर्षी काकांच्या तिथल्या नोकरीच्या परवान्याचं नूतनीकरण झालं नाही. ते सांगलीला परत गेले. मी हॉस्टेलवर गेलो. बिशानला जाणं होईना. तिथे आता कोणाकडे जायचं?

ईमेल आलं ते माझ्या शेवटच्या सत्रात, त्या नगरसभेच्या कारकुनाकडून. मी ते शब्दकोश घेऊन तीनदा वाचलं. उत्तराला उशीर झाल्याबद्दल क्षमा. गेल्या आठवड्यात बुधवारी चर्चमधला खिडकीखालचा गिलावा सगळा खाली आला. नकाशात रेघा होत्या तेवढाच. रविवार नसूनही आत प्रार्थना चालू होती, पूर्वीच वारलेल्या एका मैत्रिणीच्या नावाने, आणि त्या बाकावरच्या सहाही जणी हजर होत्या. पण बाक समोरच्या भिंतीला होता. किल्ली सांभाळणाऱ्या बाईने तो कधीच तिकडे नेला होता, कोणालाही न विचारता. कारण विचारल्यावर ती म्हणाली, तो गृहस्थ तिला मुळीच आवडला नव्हता, पण तो येऊन गेल्यापासून त्या भिंतीखाली बसलं की तिचं प्रार्थनेत लक्षच लागेना.

मी लगेच सांगलीला फोन लावला. तिकडे जेवणं चालली होती. "काका, ती भिंत पडली," मी म्हणालो.

"कोणाला लागलं?"

"कोणाला नाही. बाईंनी बाक हलवला होता."

मी दोन-तीनदा "हॅलो, हॅलो" केलं. मग काकूंचा आवाज आला. "अरे, काय सांगितलंस यांना? भरल्या ताटावरून उठून अंगणात जाऊन उभे राहिलेत."