फळ्याच्या डाव्या बाजूला

म्हात्रे मॅडमची आणि माझी ओळख भांडणातून झाली. पेणहून बदलून त्या रोह्याला आमच्या महाविद्यालयात गणित शिकवायला आल्या आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी मागणी केली, की प्रत्येक विषयात, अगदी इतिहासातसुद्धा, आठवड्याला एक तास आकडे लावून विचार करण्याचा असावा. मी इतिहासाचा. "मॅडम, गणिताला घाबरूनच मुलं आमच्याकडे येतात," मी म्हणालो. त्या शांतपणे म्हणाल्या, "आमच्या पेणजवळच्या जोहे गावात गणपतीची ओली मूर्ती बोटभर मोठी घडवतात, सुकल्यावर आटते म्हणून. ते कारागीरही गणिताला घाबरूनच शाळा सोडून आलेले आहेत."

तास मिळाला, दुपारचा शेवटचा, कोणालाच नको असलेला. मॅडमची पद्धत ठरलेली. आधी प्रत्येकाने अंदाज सांगायचा, तो नावानिशी फळ्याच्या डाव्या बाजूला लिहायचा, मग मोजायचं. चुकलेला अंदाज पुसायचा नाही. वर्ग इतिहासाचा म्हणून मीही मागे बसायचो आणि मला याचा फार वैताग यायचा.

एकदा त्यांनी माझाच लेख वर्गात वाचायला दिला. खाडीकाठच्या एका गावाचा बांध उधाणात फुटला, कारण गावाने डागडुजीत हयगय केली, असं मी त्यात ठासून लिहिलं होतं. त्या लेखावर माझा थोडाफार लौकिक होता. त्याच गावच्या मिठागरवाल्यांची मुलगी, सुगंधा, उभी राहिली. "सर, बांध तीन हात उंच व्हता आन तिथंच पानी चार हात चढलं, असं तुमीच लिवलंय. मंग पानी वरनं आलं ना? कितीबी नीट ठेवला असता तरी बुडलाच असता. आमची मानसं आळशी नाय."

दोन्ही आकडे माझेच, दोन पानांच्या अंतराने. ते मी कधी शेजारी ठेवून पाहिलेच नव्हते. मॅडमनी खडू माझ्या हातात दिला. मी डाव्या बाजूला 'हयगय' लिहून खाली माझं नाव घातलं. पुढच्या रविवारी गुडघे दुखत असूनही त्या माझ्यासोबत त्या गावी आल्या, मी माफी मागेपर्यंत शेजारी बसून राहिल्या. सुगंधाचे आजोबा म्हणाले, "चुकलं ते चुकलं, सर. आता नीट लिवा." मी लिहिलं.

आता मॅडमना साठ वर्षं पूर्ण होत आहेत आणि महिनाअखेर त्या निवृत्त होत आहेत. नव्या वेळापत्रकात तो तास नाही. चौकशी केली, तर 'घेणार कोण?' असा उलट प्रश्न आला. सगळेच थकलेत. फॉर्म आणि अहवाल भरता भरता माझाही जीव मेटाकुटीला येतो. परवा रोहा स्टेशनच्या बाकावर मॅडम म्हणाल्या, "बंद पडला तर पडू दे हो. झालं तेवढं झालं." 'तेवढं म्हणजे किती?' असं आयुष्यभर विचारणाऱ्या बाईंच्या तोंडून हे ऐकून मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी तो तास माझ्या नावावर मागून घेतला. दुपारचा शेवटचा, तोच.

मॅडम, आपणांस निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. दीर्घ म्हणजे किती, हे आपण विचारणारच. फळ्याच्या डाव्या बाजूला मी 'शंभर' लिहून खाली माझं नाव घातलं आहे. हा अंदाज कमीच निघो. पुसायचा नाही, हे आता मला पाठ आहे.