भिंतीनं घेतलेला वळसा

आमच्या रांझी वस्तीतल्या नव्या बागेला लागून आता कॉफीचं दुकान निघालंय. काल तिथं बसले होते. कॉफीच्या वाफेत कडुनिंबाच्या मोहराचा वास मिसळला आणि मी थेट बाबांच्या सायकलच्या कॅरिअरवर जाऊन बसले.

तेव्हा इथं नुसता उकिरडा होता. फॅक्टरी सुटली की बाबा मला शाळेतून घ्यायचे आणि घरी जाताना इथं थांबून बाटलीतलं उरलेलं पाणी एका वीतभर रोपाला घालायचे. मी नाक दाबून बसायची.

"काहून थांबता बाबा इथं? मैत्रिणी पाहून राहिल्या."

"पाहू दे न. याच सावलीत बसतील उद्या."

मला त्यांची लाज वाटायची. दिवसभर भट्टीसमोर उभा राहणारा माणूस स्वतःची तहान मारून ते पाणी राखतो, हे तेव्हा कळलंच नाही.

बागेची भिंत अगदी सरळ आलीय. फक्त त्या कडुनिंबापाशी तिनं वळसा घेतलाय. बांधणाऱ्यांना बाबा कोण हे ठाऊक नव्हतं, तरी त्यांना ते झाड तोडवलं नाही.