सूपभर कोंड्याची पोरगी

माझी पोरगी जन्मली त्याच महिन्यात विकली गेली, आणि ती विकत घेणारी बाई माझी सख्खी नणंद. कागदोपत्री नाही, रीतीप्रमाणे. ऐकून कोणी हसलं तर हसू द्यावं, तेव्हा मीही हसलेच होते.

त्याआधी दोन वेळा माझे दिवस अर्ध्यातच वाया गेले होते. तिसऱ्या खेपेला ही आली, तीसुद्धा आठव्या महिन्यात. नागपूरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिली, आणि सिहोऱ्याला घरी आणली तेव्हा सासूनं आम्हाला दारातच अडवलं. सूप आणवलं, पोरीला त्यात ठेवलं आणि अड्याळहून आलेल्या आपल्या लेकीला म्हणाली, घे व, विकली तुले. नणंदेनं पिशवीतून आणलेला सूपभर कोंडा सासूच्या पदरात ओतला, पोरीला उचललं, छातीशी धरलं आणि मग माझ्या हातात दिलं. सांभाळायला. ज्या घरात लेकरं टिकत नाहीत तिथं आमच्याकडे असं करतात. न्यायला येणारा येतो, त्याला कळतं की हे पोर या घरचं नाहीच, कोंड्याच्या मोलानं दुसरीकडे गेलेलं आहे, आणि तो हात हलवत परत जातो. कोंड्यावरून, कचऱ्यावरून, सुपावरून नावं पडलेली म्हातारी माणसं अजून गावोगाव भेटतात. सगळी अशीच विकलेली. पोर शाळेत जायच्या वयाचं झालं की आईनं सूपभर नवे तांदूळ द्यायचे आणि त्याला सोडवून आणायचं.

मी बीएस्सी झालेली बाई, गावातल्या पोरांच्या शिकवण्या घेते. अंधश्रद्धेचा धडा दरवर्षी शिकवते आणि चांगला शिकवते. पण त्या दिवशी माझ्या अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं. म्हटलं, करा बाप्पा काय करायचं ते, मला आत जाऊन पडू द्या.

माझ्या नणंदेला लेकरू नाही. हे वाक्य खरं तर सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. नंदोईंचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, धान्याचा व्यापार आहे, घर मोठं आहे, अंगणात आंबा आहे आणि त्या घरात आवाज करणारं कोणी नाही. दर उन्हाळ्यात माझ्या शिकवण्या संपल्या की आम्ही सिहोऱ्याहून तुमसर, तुमसरहून भंडारा आणि भंडाऱ्याहून पवनीच्या गाडीनं अड्याळला जातो. माझं माहेर राहिलं नाही, आईबाप गेले, तेव्हा पोरीसाठी मामाचं गाव म्हणजे आत्याचंच गाव.

पहिले दोन उन्हाळे मला काही वाटलं नाही. नणंद पोरीला कडेवरून खाली ठेवायची नाही, तर म्हटलं माया आहे. तिसऱ्या वर्षी एक गोष्ट डोळ्यात आली. पोरगी गाडीतून उतरली आणि नणंदेनं तिच्या पायात नवीन चप्पल घातली. बरोबर मापाची. मी तर माप सांगितलं नव्हतं. नवऱ्याला विचारलं, त्यानंही नव्हतं. मग कळलं की व्हिडिओ कॉलवर आत्या तिला भिंतीशेजारी उभी करायची, पाऊल फरशीवर ठेवायला लावायची आणि फरशीच्या रेघेपासून किती उरलं ते बघून ठेवायची. माझ्याच घरात, माझ्याच फोनवर, मी पोळ्या लाटत असताना. मला राग आला, आणि राग कशाचा हे मला धड सांगता येईना. चप्पल आणली म्हणून कोणी भांडतं का?

एकदा संशयाचा किडा डोक्यात शिरला की तो काही बसू देत नाही. मग मी बघायलाच लागले. पोरीचा भांग मी डावीकडून पाडते, अड्याळहून परत येताना तो उजवीकडून असायचा. शेजारीण आली की नणंद म्हणायची, माही पोरगी आली, आन् मग सवयीनं पुढं, भावाची. ते 'भावाची' नेहमी थोडं उशिरा यायचं. आणि ते सूप. पोरीला ज्या सुपात ठेवलं होतं तेच सूप तिनं अड्याळला नेलं होतं आणि स्वयंपाकघरात खिळ्याला टांगून ठेवलं होतं. त्या घरात धान्याला तोटा नाही, रोज काहीतरी पाखडणं असतं, पण त्या सुपाला तिनं कधी हात लावलेला मी पाहिला नाही. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला की तुला आपल्या सावलीचाही संशय येतो. त्याची ती मोठी बहीण, त्याला अंगाखांद्यावर खेळवलेलं. त्याला काय दिसणार!

या गेल्या उन्हाळ्यात पोरगी पहिलीत जायची होती. सासूनं निघतानाच तांदळाची पिशवी बांधून दिली, आमच्याच शेतातले नवे तांदूळ, आणि बजावलं की या खेपेला सोडवूनच आना, शाळेच्या आधी. मी ती पिशवी पूर्ण प्रवासात मांडीवर ठेवली. नवरा म्हणाला, वर ठेव ना. मी नाही ठेवली.

अड्याळला पोचल्यावर मी पिशवी नणंदेच्या समोरच स्वयंपाकघरात ठेवली. तिनं पाहिलं, पन्हं करून दिलं, आणि विषय आंब्यांवर नेला. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, तर म्हणाली अमावस्या जवळ आली, अमावस्येला देणं-घेणं नको. अमावस्या गेली, तर नंदोई मालाच्या कामानं बाहेरगावी. ते आले, तर हिचा कुरडयांचा घाट. रोज एक नवीन कारण, आणि रोज तेवढ्याच गोड आवाजात. वेड घेऊन पेडगावला जाणं म्हणतात ते हेच. कुठंतरी पाणी मुरत होतं आणि माझ्याशिवाय कोणाला ओल लागत नव्हती.

मग मला ती खोली दिसली. मागच्या बाजूची, जिथं आधी पोती ठेवायचे. पोती हलवली होती, भिंतींना फिकट गुलाबी रंग दिला होता, खिडकीखाली लहान टेबल आणि तेवढीच लहान खुर्ची. नणंदेला विचारलं, तर म्हणाली, असू द्या, कोन्या तरी कामी येईल. कोणाच्या? त्या घरात तेवढ्या खुर्चीत बसू शकेल असं एकच माणूस होतं, आणि ते उन्हाळा संपला की माझ्यासोबत परत जाणार होतं. किंवा जाणार नव्हतं.

त्याच संध्याकाळी आत्या तिला फिरायला घेऊन गेली. परत आल्यावर पोरगी मला घसरगुंडीचं सांगू लागली. कुठली घसरगुंडी? तर शाळेची. आत्यानं कॉन्व्हेंटचं फाटक दाखवलं, शिपायाला सांगून आत नेलं, घसरगुंडीवर बसवलं आणि विचारलं, आवडली काय व शाळा? पोरगी म्हणाली, आवडली. आणि मला म्हणाली की आई, इथंच राहू या ना.

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला नणंदेचा गळा धरावासा वाटला. नवऱ्याला बाहेर आंब्याखाली गाठलं आणि सगळं सांगितलं, चप्पल, भांग, खोली, फाटक. तो म्हणाला की ताईला दुसरं आहे तरी कोण, पोरगी दोन-चार वर्षं इथं शिकली तर काय बिघडते, शाळा तर चांगलीच आहे. म्हणजे नणंदेचं त्याच्याशी बोलणं झालेलं होतं! चोर बाहेरचा असता तर दार लावून घेतलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी गच्चीवर कुरडया घालत होतो. ऊन अजून चढायचं होतं. पोरगी खाली अंगणात पाण्याच्या टपात बसून खेळत होती आणि तिचा आवाज वर येत होता. तांदळाची पिशवी मी सोबत वर आणली होती, नणंदेच्या डोळ्यांसमोर ठेवली होती. मी हात पुसले आणि सरळ विचारलं.

"ताई, पोरगी ठेवून घ्याची आहे काय तुमाले?"

मला वाटलं ती चिडेल, रडेल, देवाची शपथ घेईल. तिनं साच्यातली कुरडई पूर्ण घातली, गोल बरोबर जुळवला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "वाटते ना. काहून नाही वाटनार? खोली कोनासाठी रंगवली मंग?"

मी तयारीनं आले होते, पण या 'हो'ची तयारी नव्हती.

"पन तांदूळ त्याच्यासाठी नाही थांबवले मी," ती पुढं म्हणाली. "थंडीत तिले ताप चढला होता, आठवते? डोळे पांढरे केले होते तिनं. तू म्हनते डॉक्टरनं वाचवली. वाचवली असन. पन जो न्यायले येते ना, तो तुह्या घरी येऊन गेला त्या दिवशी. त्यानं पाहिलं, आन् पोरगी त्याले तुही दिसलीच नाही. आता मी तांदूळ घेऊ, तुही म्हनून तुह्या वटीत घालू, आन् उद्या काही झालं, तं मी कोनाच्या तोंडाकडे पाहू?"

ती उठली, खाली गेली आणि ते सूप घेऊन वर आली. माझ्यासमोर ठेवलं. सुपावर धूळ नव्हती, रोज पुसत असणार. मग ती समोर मांडी घालून बसली आणि पदर पसरला.

"आन तांदूळ. आत्ताच घेतो. शाळेचंही सोड, घेऊन जा तिले सिहोऱ्याले. तू आई आहे, तू सांग."

पिशवी माझ्या हाताजवळ होती. गाठ सोडायची, सुपात ओतायचे, झालं. एवढंच करायला मी आले होते, एवढ्यासाठी मी रात्रंदिवस डोळ्यात तेल घालून त्या बाईवर पाळत ठेवली होती. खाली टपात पोरगी पाणी उडवत होती आणि मधेच एकदम गप्प झाली. पोरं होतात तशीच, काही कारण नसताना. मी कठड्याशी धावले. ती टपाच्या काठावर बसून मुंगळा बघत होती.

परत आले तेव्हा नणंदेचा पदर तसाच पसरलेला होता. माझा हात काही पिशवीकडे गेला नाही. धड्यातली वाक्यं मला सगळी पाठ होती, त्यातलं एकही कामाला आलं नाही.

"राहू द्या," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी पाहू."

तिनं पदर आवरला, सूप उचललं आणि चहा मांडू काय म्हणून विचारलं. उठताना तिच्या तोंडावर काहीतरी येऊन गेलं. सुटकेचं होतं की जिंकल्याचं, मी अजून ठरवू शकले नाही. ती खरंच भ्यायली होती का? की एवढ्या वर्षांत माझी नस तिनं बरोबर ओळखली होती, आणि कुठं दाबलं की मी बसेन हे तिला ठाऊक होतं? मी हे उलटून पालटून बघते. कधी वाटतं, बिचारी. कधी वाटतं, मांजर डोळे मिटूनच दूध पिते.

शाळेच्या बाबतीत मात्र मी ऐकलं नाही. पोरगी सिहोऱ्यालाच शिकते. नवरा काही दिवस घुम्यासारखा वागला, मग विसरला. सासूला मी सांगितलं की मुहूर्त नव्हता. ते तांदूळ नणंदेनं निघायच्या दिवशी मसालेभातात घातले, आम्ही सगळ्यांनी खाल्ले आणि कोणी काही बोललं नाही. गुलाबी खोली आहे तशीच आहे, टेबलावर आता रंगपेट्या आल्या आहेत. परवा व्हिडिओ कॉलवर पोरगी पुन्हा फरशीवर पाऊल ठेवून उभी होती. मी पाहिलं, आणि पोळी उलटली.

या थंडीत तिला खोकला झाला. साधाच असेल, वर्गात सगळ्या पोरांना होता. संध्याकाळी अंग थोडं गरम लागलं. नवरा गाडी काढायला गेला, मी तिला स्वेटर घालून मांडीवर घेतलं, आणि डॉक्टरांच्या आधी माझं बोट नणंदेच्या नंबरावर गेलं. तिनं फोन उचलला.

"ताई," मी म्हटलं, "तुमची पोरगी खोकलून राहिली."

हे मी फोनमध्ये नाही बोलले. दाराकडे तोंड करून बोलले, मोठ्यानं, दारात कोणी उभं असेल तर त्याला नीट ऐकू जाईल असं.