मनातली विनंती

"गाठ एवढी वाढेपर्यंत घरात कुणालाच कळलं नाही?" डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा मी ठणकावून सांगितलं, "नाही, ती बोललीच नाही." त्यानंतर चौथ्या दिवशी माझी थोरली बहीण शलोमीताई गेली. आता सहा आठवडे झाले… पण माझं ते ठणकावून सांगणं मला अजून बोचतं आहे.

ताई पडघ्याहून रोज भिवंडीला जायची, यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला. एका वेळी दहा कांड्या फिरत असायच्या, पण सूत तुटलं की हिचा हात आधी तिथे. देव सगळं जाणतो हे मला चर्चमधल्या पाळकांच्या प्रवचनांतून कधी नीट समजलं नाही, ते तिच्यामुळे समजलं. "माजं दहा धाग्यांवर ध्यान ऱ्हातं, रूथ. त्याचं तर सगल्यांवर हाय," असं ती म्हणायची.

दर रविवारी दुपारी आमच्याकडे प्रार्थनासभा भरते. प्रत्येक जण आपली विनंती सांगतो, मी ती वहीत लिहिते आणि मग सगळे मिळून प्रार्थना करतो. कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाचे गुडघे. ज्याला सांगायचं नसेल त्याने नुसता हात वर करायचा. ती 'मनातली विनंती'. ती काय आहे हे विचारायचं नाही, अशी आमच्यात रीत आहे. ताईने आठ महिने हात वर केला आणि मी आठ महिने लिहिलं, 'शलोमी – मनातली'. माना खाली घालून आम्ही म्हणत राहिलो, प्रभू, तू जाणतोस. एकदा तर मी तिची थट्टाही केली, की बाई, तुझं आणि देवाचं भारीच गुपित चाललंय. ती हसली होती.

इस्पितळात मी तिच्यावर चिडले. मला का नाही सांगितलंस? तिने उशीवरून माझ्याकडे मान वळवली.

"हात वर करत व्हते ना गं… तू तर लिवत व्हतीस."

दफनानंतर पाळक म्हणाले, देवाचं शहाणपण आपल्या आकलनापलीकडचं आहे. असेल. त्याला ठाऊक होतं यावर माझा आजही विश्वास आहे, आणि तोच विश्वास मला जगू देत नाही. ठाऊक होतं म्हणूनच तर त्याने मला सतरंजीवर तिच्या शेजारी बसवलं असेल, हातात वही देऊन. आणखी काय करायला हवं होतं त्याने? त्याला सगळं कळतं, या समजुतीत मी माझं विचारणं सोडून दिलं. मला क्षमा हवी आहे, आणि मागायची तिच्याकडे, तर ती नाही.

मधले आठवडे सभा बंद होती, गेल्या रविवारी पुन्हा भरली. या वेळी मी हात वर केला. सगळ्यांनी माना खाली घातल्या, "प्रभू, तू जाणतोस" म्हणाले आणि पुढची विनंती घेतली. नंतर चहा झाला. कुणीतरी विचारेल म्हणून मी कप गोळा करत रेंगाळले… एकेक जण चपला घालून निघून गेला. वही सतरंजीवर उघडीच होती. पानावर ताईची ओळ, आणि तिच्याखाली माझ्याच अक्षरात, 'रूथ – मनातली'.