भाच्याचा हक्क

रग्बीच्या सामन्याचं मध्यंतर झालं तेव्हा अकानीसीचं डोकं पार फिरलं होतं. तिचाच मुलगा वातीसोनी समोरच्या संघातून चेंडू घेऊन धावत आला की नावुनी गावचे तिचे आडदांड गडी वरातीला वाट द्यावी तसे बाजूला सरकत होते.

फिजीत भाचा मामाच्या गावातून न विचारता काहीही उचलून नेतो. डुक्कर, चटई, होडीसुद्धा. त्याला कोणी अडवत नाही. तिच्या सासरचे लबाड हे ओळखून दर वेळी त्याच्याकडेच चेंडू देत होते.

नवरा गेल्यावर अकानीसी माहेरी, नावुनीला परतली, मुलगा बापाच्या गावी राहिला. तरुणपणी ती स्वतः रग्बी खेळलेली. हनुवटीवर अजून व्रण होता. देशाचा सामना असला की या बेटांवर चुलीवरचे दालोचे कंद करपले तरी कोणी रेडिओपासून हलत नाही, पण बाईला प्रशिक्षक करायचं म्हटलं की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. गाव हरून हरून थकलं तेव्हा कुठे तिला बोलावलं. तिने पुन्हा मुळापासून शिकवलं: चेंडू हाताने मागेच द्यायचा. समोरच्याला कमरेखाली धरून पाडायचं. पडला की त्याने चेंडू सोडायचा.

"मेल्यांनो, चेंडू म्हणजे काय तुमचं डुक्कर आहे, भाच्याला देऊन टाकायला?" ती कडाडली. "पाडा त्याला!"

कर्णधार एपेली तिचा धाकटा भाऊ. तो पुटपुटला, "ताई, भाचा आहे गं. लोक काय म्हणतील?"

"मी जन्म दिलाय त्याला. मीच सांगतेय ना!"

खेळ पुन्हा सुरू होताच एपेलीने डोळे मिटून भाच्याला पाडलं. मग बाकीच्यांचीही भीड चेपली आणि नावुनी कसंबसं जिंकलं.

संध्याकाळी सगळे कावा प्यायला बसले होते. सामन्यात जिंकलेला कप मधोमध चटईवर होता. वातीसोनी लंगडत, हसत आत आला.

"मामा, हा मी नेतो."

एपेलीने खाली मान घातली. चिखलात राबलेले ते गडी गप्प बसलेले पाहून अकानीसीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ठेव तो खाली."

"आई, हक्क आहे माझा."

"मामांवर असेल. माझ्यावर नाही."

तो हसला आणि कप छातीशी धरून दाराकडे वळला. अकानीसी वाकली, त्याचे दोन्ही गुडघे कवटाळले आणि त्याला धाडकन चटईवर आडवं केलं.

"पडलास ना?" ती धापा टाकत म्हणाली. "आता सोड."