ताणून बघणारे साडू

देवाने माणसाला दोन हात दिले ते एखादी वस्तू दोन टोकांना धरून ओढण्यासाठी, असा आमच्या साडूंचा ठाम समज होता. शहापूरच्या त्यांच्या घरात सिगारेटच्या पाकिटावरचा पारदर्शक कागद, सेल्युलॉइडची फणी, फुग्याचे रबर, काही धड राहत नसे. ओसरीवरच्या खिळ्याला ते सिनेमाच्या फिल्मचा तुकडा टांगत, खाली तांदूळ तोलायचे वजन बांधत आणि एकदा गार, एकदा कढत पाणी ओतून तो किती लांबतो ते बघत बसत. मेहुणीने रागाने विचारले, की याने पोट भरते का, तर त्यांनी तिच्या वेणीची रबराची फीत मागून घेतली.

अशा माणसाला मी माझ्या फिरत्या सिनेमाच्या तंबूत मशीनवर बसवले. सासूबाईंचा शब्द. एरवी मी कुणाला फुकट पाणी पाजत नाही.

म्हसा गावच्या जत्रेसाठी मुंबईच्या फिल्मवाल्याशी घसा बसेपर्यंत घासाघीस करून मी एक चित्रपट मिळवला होता. त्याची अट एकच: फिल्म धड परत आली तर पुढच्या सगळ्या जत्रांना पुरवठा, नाहीतर पुन्हा दारात उभे राहायचे नाही. जत्रा ऐन पौषातली. पहिल्याच खेळात गारठ्याने फिल्म कडकड तुटू लागली. प्रत्येक जोडात चित्राचा थोडा भाग कापून टाकावा लागे, आणि नायिकेचे गाणे निम्म्यावर आले. मी कपाळाला हात लावला. साडू मात्र खुशीत होते.

"गार आसली का तुटते, साडूभाऊ. वाईच ऊन केली का लांबते. गेलेलं गानं भरून काढतो, तुमी बगाच."

सकाळी ते चुलीजवळ पातेले घेऊन बसलेले मला दिसले. अंघोळीचे पाणी तापवत असतील असे समजून मी न विचारता पुढे गेलो. मागाहून कळले, त्यांनी उरलेले गाणे कढत पाण्यात बुडवून, ओढून, पहिल्याइतके लांब केले होते! संध्याकाळच्या खेळात कडेची भोके मशीनच्या दातांवर बसेनात. फिल्म अडकली, दिव्यासमोर थबकली आणि नायिकेच्या गालाला भोक पडून पेटली. साडूंनी हाताने ओढून ती बाहेर फेकली म्हणून तंबू वाचला. धंदा नाही वाचला. फिल्मवाल्याने दार लावले ते लावलेच, आणि मी धसईच्या बाजारात तांदूळ घेऊन बसलो. तिथेही जम बसवला, पण ते माझ्या हिमतीवर. साडूंच्या कृपेने नव्हे.

पुढच्या पौषात माझ्या जागी दुसऱ्याचा तंबू लागला. तिकिटे काढून आम्ही दोघेही मागे जाऊन बसलो. एकमेकांना न सांगता आलो होतो, तिथेच गाठ पडली. मध्येच फिल्म तुटली, अंधारात शिट्ट्या सुरू झाल्या. साडू अर्धे उठले.

"जाऊ काय? गार झाली आसंल."

भाजल्याचे व्रण असलेला त्यांचा हात मी धरला आणि त्यांना खाली बसवले. चित्र पुन्हा सुरू झाले, तरी तो हात सोडायचे माझ्या ध्यानात आले नाही.