पुढं टाकायचा दगड

शिरूर-दौंडात क्रिकेट खेळलेल्या कुणालाही विचारा, खंडूची फेक म्हंजी काय चीज होती! सीमारेषेवरून चेंडू सुटला की थेट यष्ट्यांवर. त्र्याण्णवच्या फायनलला त्यानं तिघांना धावबाद केलं आणि एका कारखान्यानं त्याला टीमसाठी नोकरीवरच घेतलं.

पण फेक कुठं शिकलास, असं विचारलं की गडी कावराबावरा व्हायचा. शिकला होता कवठे येमाईच्या माळावर, मेंढरांमागं. आईबाप लवकर गेले, चुलत्यानं वाढवलं. हा चुलता, तात्याबा, मेंढरू कुणाच्या पिकाकडं निघालं की लांबूनच दगड भिरकवायचा. दगड बरोबर मेंढराच्या पुढ्यात पडायचा आणि मेंढरू वळायचं. "अंगावर न्हाई, पुढं टाकायचा," एवढंच पोराला बजावायचा. आता यात लाजण्यासारखं काय होतं? पण कारखान्यात खंडूला मेंढरांचं नाव काढायची चोरी. तो ठोकून द्यायचा, "पुण्याच्या शिबिरात शिकलो."

खेळ थांबला, पोट सुटलं, खंडूचा खंडेराव झाला. दोन्ही तालुक्यांच्या क्रिकेट मंडळाचा सचिव! काम मात्र जीव तोडून केलं, खोटं कशाला बोला. भांडगावजवळ मैदान उभं केलं, भोवती तारेचं कुंपण घातलं.

उद्घाटनाला पुण्याहून पाहुणे आले. खंडेराव कोट घालून मांडवात मिरवत होता, तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून मेंढरं आत घुसली आणि सरळ खेळपट्टीकडं निघाली. मागं धोतर सावरत एक म्हातारा पळत होता.

"सचिवसाहेब, नवी टीम आली वाटतं!" एक पाहुणा खिदळला.

खंडेरावानं म्हाताऱ्याला लांबूनच ओळखलं. तात्याबाच. हिवाळा सरला की तो मेंढरं चारायला भीमा ओलांडून इकडं यायचाच. "तात्या" अशी एक हाक मारली असती तर काय बिघडलं असतं? पण लाजेनं त्याच्या कानशिलांची आग झाली आणि तो ओरडला, "कुणाची ही जनावरं? हाकला त्यांना!"

"अहो, तुमचाच हात दाखवा की," पाहुणा म्हणाला.

खंडेरावानं दगड उचलला आणि रागाच्या भरात फेकला. पुढची मेंढी मटकन बसली. पाय मोडला होता. मांडवात टाळ्या पडल्या.

तात्याबानं मेंढी खांद्यावर घेतली, बाकीची वळवली आणि मांडवासमोर येऊन हात जोडले. "चुकलं, साहेब."

साहेब! ज्याला खांद्यावर घेऊन माळ तुडवला, त्याला!

"ओळखीचे का हो?" पाहुण्यानं विचारलं. खंडेराव कोटाच्या गुंड्या लावू लागला. तात्याबाच घाईनं म्हणाला, "न्हाई, न्हाई. आमी लांबचं." मग जाता जाता, फक्त त्यालाच ऐकू जाईल असं पुटपुटला, "पुढं टाकायचा असतो रे. इसरलास व्हय?"

खंडेरावाला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. नेमकं तेव्हाच माइकवरून त्याची ओळख करून द्यायला लागले, "पुण्याच्या शिबिरात तयार झालेला हा हात..."

टाळ्या कडाडल्या. तो हात त्यानं कोटाच्या खिशात घातला. त्यानं चोरून कुंपणाकडं पाहिलं. तिथं तात्याबा थांबला होता. पुतण्यासाठी टाळ्या वाजवायच्या म्हणून तो खांद्यावरची लंगडी मेंढी हळूच खाली ठेवत होता.